आमची नगरपरिषद : तीन स्टार, त्यातला एक फक्त जन्म-मृत्यूच्या टेबलाचा

आधी रेटिंग सांगून टाकते, तीन स्टार. मॅपवर आमच्या नगरपरिषदेला कुणी एक स्टार देऊन नुसतं "बेकार" लिहिलंय, कुणी पाच देऊन "साहेब म्हणजे देवमाणूस" लिहिलंय, दोन्ही वाचून कामाला निघालेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. गावाचं नाव टाकत नाही. सातारा-सांगली पट्ट्यातली कुठलीही क वर्ग नगरपरिषद धरा, म्हणजे चाळीस हजाराच्या आतली वस्ती, एक एसटी स्टँड, एक आठवडी बाजार आणि चौकाचौकात कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.

माझं ऑफिसच्या समोरच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्यामुळं खरं तर धंद्याच्या हिशोबानं मी पाच स्टार द्यायला पाहिजेत, कारण जी माहिती आत बोर्डावर पाहिजे ती सांगण्यावरच माझं दुकान चालतं. माणूस आत जातो, विचारतो की साहेब नाव लावायचंय काय काय लागतंय, आतून उत्तर येतं "समोर झेरॉक्सवाल्या ताईंना विचारा". आणि हे कुणी वाईट बुद्धीनं करत नाही बरं का, प्रत्येक टेबलाला आपल्यापुरतं माहिती असतं, शेजारच्या टेबलाचं नसतं, आणि सगळ्या टेबलांचं माहिती असणारा शिपाईमामा रिटायर झाला तेव्हापासनं ते खातं माझ्याकडं आलं.

बोर्ड आहे, नाही असं नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे आपल्या राज्यात, त्यात प्रत्येक ऑफिसनं कोणती सेवा, किती दिवसात, किती फी, देणारा अधिकारी कोण आणि नाही दिली तर अपील कुणाकडं हे सगळं दर्शनी भागात लावायचं असतं. आमच्याकडं दर्शनी भाग म्हणजे जिन्याखाली, वॉटर कूलरच्या पाठीमागं. पाणी प्यायला वाकलं की "मालमत्ता कर उतारा" एवढं दिसतं, बाकीचं कूलर सरकवल्याशिवाय वाचता येत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की विनाकारण उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारापर्यंत दंड होऊ शकतो, हे मी गिऱ्हाइकाला सांगितलं की ते माझ्याकडंच असं बघतं जणू मीच भांडण लावतेय. कुणी अपील करत नाही हो. गाव लहान आहे, साहेबाच्या मिसेस आपल्या भिशीत असतात.

आता चांगल्यापासनं सुरू करते. जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबल. इथल्या मॅडमना माझ्याकडून वेगळे पाच स्टार. त्यांची एक पद्धत आहे, बाळाचं नाव कॉम्प्युटरला घालायच्या आधी बापाला एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत स्वतःच्या हातानं लिहायला लावतात, आईबापाचं नाव आधारवर जसं आहे तसंच आहे ना ते ताडून बघतात, मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मगच एंटर दाबतात. ऐकायला साधं वाटतं पण एका "एच"मुळं पुढं किती पळापळ होते ते माझ्या दुकानात येऊन बघा. आणि आता तर १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदाच बदललाय, त्या तारखेनंतर जन्मलेल्या पोरांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात, म्हणजे तिथली चूक जन्मभर पुरणार.

लोकांचा एक गैरसमज मात्र दर आठवड्याला निस्तरावा लागतो. नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, तुम्ही राहता तिथं नाही. बाळंतपण आपल्या गावातल्या दवाखान्यात झालं असेल तर नोंद आपल्या नगरपरिषदेत, मग तुमचं घर पाटणला असूद्या नाहीतर पनवेलला. आणि २१ दिवसांच्या आत कळवायचं असतं, दवाखान्यात जन्म झाला तर ते दवाखानाच कळवतो, घरी झाला किंवा घरी माणूस गेला तर घरच्यांनी. तीस दिवस उलटले की परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद (आधी ह्याच्या जागी प्रतिज्ञापत्र लागायचं), वर्ष उलटलं की मग तहसील-प्रांताकडून आदेश आणायचा, आणि ते काम सोपं राहिलेलं नाही. सुतकात कुठं ऑफिसला जायचं म्हणून लोक मयताची नोंद मागं टाकतात आणि मग बँक, विमा, पेन्शन सगळंच अडकून बसतं. तिसऱ्याचं आटपलं की कुणीतरी एकानं जाऊन या, एवढंच सांगते.

आता घरपट्टी विभाग. इथं माझा हात जरा सैल सुटणार आहे.

वडील गेले, नवरा गेला, की घराला वारसांची नावं लावायला लोक येतात. आमच्याकडं एक मावशी आल्या होत्या, नवऱ्याच्या नावावरचं दोन खोल्यांचं घर. पहिल्या खेपेला सांगितलं मृत्यूचा दाखला आणा. आणला. मग सांगितलं सगळ्या वारसांचं संमतीपत्र. एक मुलगी इचलकरंजीला, एक मुलगा पिंपरीला कंपनीत, सगळ्यांना जमवून सह्या करून आणल्या, आणि स्टॅम्प म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा गेलाच, आता पाचशेचा घ्यावा लागतो. ते घेऊन गेल्या तर म्हणाले थकबाकी भरा आधी. भरली. मग म्हणाले सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, कुठाय? मावशी माझ्या दुकानात बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांनी एकदाच सांगितलं असतं तर मी काय पळून चालले होते का?" ह्यात एकही कागद खोटा मागितला नव्हता, सगळे लागतातच. फक्त चारही एका चिठ्ठीवर लिहून देण्याची तसदी कुणी घेतली नाही. तेव्हापासून मीच एक चिठ्ठी टाइप करून ठेवलीय, फुकट देते, झेरॉक्सचे पैसे पण घेत नाही तिचे, आणि मजा म्हणजे आता आतले लोकच पोरगा पाठवून माझ्याकडनं ती चिठ्ठी नेतात.

आणि हेही ऐका, कारण ह्यात भलेभले फसतात. घरपट्टीच्या रजिस्टरला नाव लागलं म्हणजे घर तुमच्या मालकीचं झालं असं नाही. ती नोंद कर कुणाकडून वसूल करायचा तेवढ्यापुरती. मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे ते भूमी अभिलेख ऑफिसमधलं काम, वेगळी बिल्डिंग, वेगळे साहेब, वेगळी रांग. इथं नाव लागलं म्हणून पेढे वाटून घरी गेलेली माणसं दहा वर्षांनी भावकीच्या भांडणात परत माझ्याकडं येतात.

बिलावर पण लोक फार भडकतात, की घरपट्टी एवढीशी आणि खाली शेपूट केवढं. तर त्या शेपटातला शिक्षण कर हा नगरपरिषदेचा नसतोच, तो राज्य सरकारचा, नगरपरिषद फक्त गोळा करून पुढं पाठवते. रोजगार हमीचा कर गाळा, दुकान असल्या बिगर-राहत्या मिळकतीला लागतो. वृक्ष कर वेगळा, कचऱ्याचा वेगळा. वृक्ष कर भरून आमच्या गल्लीत झाड एक आहे आणि तेही डीपीला फांद्या लागतात म्हणून दर उन्हाळ्यात छाटतात, पण असो. भरायचं असेल तर वेळेत भरा, थकलं की महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, वर्षाला चोवीस झाले, खासगी सावकार बरा म्हणायची वेळ. शासन मधूनच कधी शास्तीमाफीची अभय योजना काढतं, आणि मग वेळेत भरणारे आम्ही येडे ठरतो.

मार्च महिना मात्र बघण्यासारखा असतो. अकरा महिने जे ऑफिस झोपलेलं असतं ते एकदम जागं होतं, सुट्टीच्या दिवशी पण काउंटर चालू, वसुली पथक, थकबाकीदाराच्या दारात हलगी, मोठ्या थकबाकीदारांच्या नावांचा चौकात फ्लेक्स. त्याला कारण आहे, वसुली वाढली नाही तर वित्त आयोगाच्या निधीला कात्री लागते. ह्यावर्षी फ्लेक्सवर जी नावं होती त्यात दोन हॉटेलं आणि एक मंगल कार्यालय होतं, आणि शेजारीच त्या मंगल कार्यालयाच्या मालकाचा वाढदिवसाचा फ्लेक्स पण होता. नगरपरिषदेच्याच परवानगीनं लावलेला.

पाण्याचं सांगते. एकाआड एक दिवस येतं, टाकीखालच्या गल्ल्यांना धो धो आणि आम्हा उंचावरच्यांना करंगळीएवढं. कागदोपत्री माणशी १३५ लिटरचा हिशोब असतो, शहरांसाठीचं ते प्रमाण आहे, पण तो हिशोब टाकीतून किती सोडलं ह्याचा, कुणाच्या घरात किती पोचलं ह्याचा नव्हे. मधे लोकांनी लाइनला डायरेक्ट मोटरी लावल्यात, पाणी सुटलं की सगळ्या गल्लीत घूं घूं सुरू होतं, ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी. नगरपरिषद वर्षातनं एकदा मोटर जप्तीची मोहीम काढते, त्याची बातमी आदल्या दिवशीच गल्लीत पोचलेली असते. इथनं तासाभराच्या अंतरावर, कराडला लागून असलेल्या मलकापूरनं चोवीस तास पाणी मीटर लावून देऊन दाखवलं, जास्त वापराल तर जास्त दर, पंधराएक वर्षं झाली त्याला, देशभरचे लोक बघायला आले. आमच्याकडं मीटरचं नाव काढलं की मोर्चा निघतो, आणि मोर्च्यात सगळ्यात पुढं ज्याची मोटर सगळ्यात मोठी तो.

पण आमचा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, त्याला मी अण्णा म्हणते, तो ह्या सगळ्या खात्यापेक्षा भारी आहे. सगळ्या गल्ल्यांचा त्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रात्री अकराला मेसेज येतो "उद्या लाइट नाही जॅकवेलला, पाणी दुपारी ४ नंतर, भरून ठेवा" (जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर). ना नगरपरिषदेच्या वेबसाइटवर, ना त्या तक्रारीच्या ॲपवर. ॲपचं तर बोलूच नका. ॲपवर मी गटारीचा फोटो टाकला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज आला, खिडकीतनं बघितलं तर गटार जिथल्या तिथं वाहतंय. अण्णाला फोन केला, दुसऱ्या दिवशी मुकादम दोन माणसं घेऊन हजर.

कचऱ्याचं तसं बरं आहे, घंटागाडी रोज येते, गाणं वाजवत येते, ड्रायव्हरदादा थांबतो, म्हाताऱ्या बायकांच्या हातातली बादली स्वतः घेतो. फक्त गाडीतल्या ओल्या-सुक्याच्या मधला पत्रा गंजून पडलाय, त्यामुळं आपण घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पडला की पुन्हा एक होतो. मग वेगळा का करायचा असं शेजारीण विचारते तर माझ्याकडं उत्तर नसतं. आणि आपल्या ह्याच भागातली उदाहरणं आहेत हो, लांब कशाला जाताय, लाखाच्या आतल्या गावांमधे स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ला कराड देशात पहिलं, २०२१ ला विटा पहिलं, पुढं सासवड. कोकणात वेंगुर्ल्यानं तर डंपिंग ग्राउंडचंच पर्यटनस्थळ करून टाकलं, कचरा इतका बारीक वेगळा करतात की बघायला तिकीट काढून लोक जातात. आमच्या लोकांनीही तिकडं अभ्यास दौरा काढला होता. मासे चांगले होते म्हणे.

आमच्याकडं भिंती मात्र चांगल्या रंगवल्यात. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा ह्या पर्यावरणाच्या अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पाच चित्रं नगरपरिषदेच्या कंपाउंडवर काढलीयत, पोरांनी खरंच छान काढलीयत, त्यातल्या "जल"च्या खालचीच पाइपलाइन फुटलेली असते पावसाळाभर.

आता ज्याच्यासाठी मी मनापासून दुसरा स्टार दिला ती अभ्यासिका. जुन्या दवाखान्याच्या बिल्डिंगमधे वरच्या मजल्यावर आहे, फी नावापुरती, पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती करणारी पोरंपोरी गच्च भरलेली असतात, त्यातल्या अर्ध्या पोरी आसपासच्या खेड्यातनं एसटीच्या पासवर येतात. पुण्याला पेठेत कॉट बेसिसवर राहायचं म्हणजे महिन्याचा खर्च किती ते त्यांच्या बापाला विचारा. इथं डबा घरचा. मागच्या उन्हाळ्यात पंखे बंद पडले तर पोरांनीच वर्गणी काढून दुरुस्त केले आणि मग बिल घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर रांगेत बसले, शिस्तीत, पुस्तकं उघडून, घोषणा नाही काही नाही. संध्याकाळपर्यंत बिल मंजूर. मला वाटतं साहेबांना भीती वाटली असणार की ह्यातलाच एखादा उद्या आपला वरिष्ठ होऊन यायचा. एकच कमी आहे, पोरींसाठी टॉयलेट खालच्या मजल्यावर आणि त्याची किल्ली वॉचमनकडं. हे लिहून दिलंय, तोंडी सांगितलंय, नवीन बॉडीलाही सांगितलंय. किल्ली अजून वॉचमनकडंच.

नवीन बॉडीवरनं आठवलं. २०१६ ला निवडून आलेल्यांची मुदत २०२१ च्या शेवटी संपली आणि मग आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या कोर्टकचेरीत जवळजवळ चार वर्षं निवडणूकच नाही. सगळा कारभार प्रशासक म्हणजे मुख्याधिकारीच बघणार. सुरवातीला लोक खूश होते, मी पण होते, बरं झालं म्हटलं, ती बिनकामाची भांडणं तरी बंद. आणि खरंच काही कामं पटापट झाली, टेंडर निघाली, भुयारी गटारीसाठी सगळं गाव खोदून झालं. पण खोदलेल्या रस्त्यावर म्हातारा पडला तर सांगायचं कुणाला? नगरसेवक नालायक असला तरी सकाळी सातला त्याच्या दारात जाऊन त्याच्या आईसमोर बोलता येतं. साहेबाच्या दारात जाता येत नाही, साहेब जिल्ह्याच्या गावाला राहतात आणि मीटिंगमधे असतात. त्या चार वर्षांत माझ्या दुकानातनं तक्रार अर्ज आणि माहिती अधिकाराचे अर्ज जेवढे टाइप झाले तेवढे आधी कधी झाले नव्हते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची वाट, आणि उत्तर "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही".

मग २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा तो कोर्टाच्या आदेशानं २१ तारखेपर्यंत लांबला, त्या अडीच आठवड्यांत गावात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं आणि चहाच्या टपऱ्यांचा धंदा जोरात. एकाच वेळी तीन मतं द्यायची, एक थेट नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या दोघांना, आमच्या सासूबाई बूथवरनं आल्या आणि म्हणाल्या तिन्ही बटणं दाबली, तिन्ही एकाच घरातली होती. आमच्या प्रभागात एक जागा महिलेची, निवडून आलेली पोरगी बी. कॉम., टॅली शिकलेली. फ्लेक्सवर तिच्यापेक्षा तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा, पण पहिल्या सभेत तिनं घनकचऱ्याच्या ठेक्याचं बिल मागितलं आणि नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं असं मला आतल्या माणसानं सांगितलंय. तिसरा स्टार सध्या तिच्या नावावर ठेवलाय, वर्षभरानं बघू, रिव्ह्यू एडिट करता येतो.

दोन स्टार का कापले म्हणाल तर एक घरपट्टीच्या त्या मावशींसाठी आणि एक आठवडी बाजारासाठी. बाजारात पावती फाडणारा ठेकेदाराचा माणूस मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या आजीकडनं पण घेतो आणि टेम्पो लावून बसलेल्याकडनं पण तेवढेच घेतो. दरपत्रक बाजारात लावायचं असतं ना? विचारलं तर म्हणे ऑफिसला आहे. ऑफिसला विचारलं तर म्हणे ठेकेदाराकडं आहे. पावतीवर आकडा छापलेला बघून मगच पैसे द्या, पेननं लिहिलेला असेल तर देऊ नका, मी आमच्या भाजीवाल्या मावश्यांना हेच शिकवलंय आणि आता तो माणूस माझ्या दुकानावरनं जाताना मान फिरवतो.

जाणाऱ्यांसाठी : साडेदहाच्या आत जाऊ नका, कुणी नसतं. दुपारी एक ते अडीच पण जाऊ नका, कागदावर जेवणाची सुट्टी अर्धा तासच असली तरी. कुठलाही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्या, "ठेवा इथं, बघतो" म्हणाले तरी उभे राहा, पोच हातात आल्याशिवाय हलू नका. बाजाराच्या दिवशी गाडी आणू नका, लावायला जागा नाही, आणि माझ्या दुकानासमोर तर अजिबात लावू नका.